चिक वेब : ड्रममागून चाललेलं राज्य

न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत, लेनॉक्स अव्हेन्यूवर, 140व्या आणि 141व्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात एक नाचघर होतं. सॅव्हॉय बॉलरूम हे त्याचं नाव. 12 मार्च 1926 रोजी ते सुरू झालं. त्याच्या लांबरुंद लाकडी जमिनीवर रोज रात्री इतके पाय आपटत की दर तीनेक वर्षांनी ती सगळी जमीन उखडून नवी बसवावी लागे. जवळच, त्याच रस्त्यावर, प्रसिद्ध कॉटन क्लब होता. तिथे मंचावर काळे कलाकार आणि टेबलांशी गोरी गिऱ्हाइकं अशी रीत. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचत. समोरच्याला नाचता येतं की नाही, एवढंच तिथे पाहिलं जाई.

असल्या रसिकांसमोर वाजवणं सोपं नव्हतं. हॉलमध्ये एकमेकांना लागून दोन मंच होते. एका बँडची पाळी संपते न संपते तोच शेजारचा बँड सुरू करी, म्हणजे नाच थांबायचं कारणच उरत नसे. आणि कोणाच्या पाळीला जमीन भरते, कोणाच्या पाळीला लोक कडेला जाऊन घाम पुसत उभे राहतात, हे सगळ्यांना उघड दिसे. बाहेरगावचे नावाजलेले बँड या मंचावर येत आणि शेजारच्या मंचावर त्यांची गाठ घरच्या बँडशी पडे. त्या घरच्या बँडचा नायक होता चिक वेब. पाच फुटांनाही न पोचणारा, पाठीत कुबड असलेला, दुखणं कायम अंगावर वागवणारा हा ड्रमवादक 1930च्या दशकात सॅव्हॉयचा अनभिषिक्त राजा होता.

विल्यम हेन्री वेब हे त्याचं पूर्ण नाव. लहान चणीमुळे ‘चिक’ पडलं ते कायमचं. जन्म बाल्टिमोरचा, 10 फेब्रुवारीचा. साल सहसा 1905 धरलं जातं. लहानपणीच पाठीच्या कण्याला क्षयाने ग्रासलं आणि वाढ खुंटली. हातापायांचे सांधे मोकळे राहावेत म्हणून डॉक्टरांनी ड्रम वाजवायचा सल्ला दिला, असं सांगतात. पोरगा रस्त्यावर वर्तमानपत्रं विकायला लागला आणि त्या पैशांतून त्याने ड्रमचा संच घेतला. पुढे चेसापीक उपसागरात सहलीच्या बोटी चालत, त्यांवरच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. तिथेच त्याला जॉन ट्रूहार्ट हा गिटारवादक भेटला. दोघं मिळून विशीच्या उंबरठ्यावर न्यू यॉर्कला आले आणि ट्रूहार्टने वर्षानुवर्षं वेबची साथ दिली.

न्यू यॉर्कमध्ये ड्यूक एलिंग्टनच्या खटपटीमुळे वेबला 1926 मध्ये ब्लॅक बॉटम क्लबमध्ये स्वतःचा छोटा बँड घेऊन बसायची संधी मिळाली. मग सुरू झाली काही वर्षांची ओढाताण. कामं मिळत, सुटत. चांगले वादक तयार होत आणि मोठे बँड त्यांना उचलून नेत. आल्टो सॅक्सोफोनवर ज्याचा स्वर पुढे जगभर ओळखला गेला तो जॉनी हॉजेस आधी वेबकडे होता. 1928 मध्ये तो एलिंग्टनकडे गेला आणि मधली काही वर्षं सोडली तर अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्याने जावं म्हणून वेबनेच त्याला प्रोत्साहन दिलं होतं. या काळातली वेबची ध्वनिमुद्रणं अगदी मोजकी आहेत. 1929 मधली ‘डॉग बॉटम’ आणि ‘जंगल मामा’ ही ‘द जंगल बँड’ या नावाने निघाली. त्या तबकड्यांवर बँड अजून अडखळतो, पण मागचा ठेका तेव्हाच पक्का आहे.

1927 पासून वेब सॅव्हॉयमध्ये अधूनमधून वाजवत होताच. 1930चं दशक सुरू झालं आणि तो तिथला कायमचा झाला.

आता त्याचा संच जरा जवळून पाहू. मधोमध 28 इंचांचा बेस ड्रम, म्हणजे वेब मागे बसला की समोरून त्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसावेत इतका मोठा. पाय पेडलपर्यंत पोचत नसत म्हणून पेडल खास बनवून घेतलेलं. सिंबल हंसाच्या मानेसारख्या वाकवलेल्या दांड्यांना लटकवलेले, हात फार न उचलता लागावेत असे. भोवती लाकडी ठोकळे, टेंपल ब्लॉक, काउबेल, सगळं एका चौकटीवर हाताशी मांडलेलं. हा सगळा पसारा मंचाच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर असे. एरवी ड्रमवादकाची जागा सगळ्यात मागे, कोपऱ्यात. वेबने ती मध्यभागी आणली, आणि त्यामागे रुबाबापेक्षा सोय जास्त होती. तिथून त्याला डावी-उजवीकडचा प्रत्येक वादक दिसे आणि प्रत्येकाला तो.

याचं कारण असं की वेबला स्वरलिपी वाचता येत नव्हती. बँडमधले तेरा-चौदा वादक समोरच्या कागदावरून वाजवत आणि त्यांचा नायक सगळं कानावर आणि स्मरणावर चालवी. संयोजकाने नवी रचना आणली की तो तालमीत बसून ऐके. ट्रम्पेट कुठे उठतात, सॅक्सोफोन कुठे उत्तर देतात, कुठे दोन मात्रांची पोकळी आहे, हे सगळं डोक्यात बसलं की मग चूक पकडण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पुढे छडी हलवायला बार्डू अली नावाचा देखणा, बोलका माणूस उभा असे. लोकांचं लक्ष त्याच्याकडे जाई, पण वादकांचं लक्ष मागच्या चौथऱ्याकडे असे. लय किती ठेवायची, आवाज कुठे दाबायचा, शेवटची आवर्तनं आणखी वाढवायची का, याचे हुकूम स्नेअर ड्रमच्या एका फटक्याने किंवा सिंबलच्या एका चिमटीने सुटत.

त्या काळच्या नृत्यसंगीतात ड्रमवादकाचं काम काय होतं, तेही इथे समजून घ्यायला हवं. चार मात्रांचं आवर्तन, आणि बेस ड्रमवर पायाने चारही मात्रा सारख्या वाजवायच्या. हा ठेका कानाला फारसा जाणवत नाही. तो जमिनीतून पायांना जाणवतो. त्यावर डबल बेस आणि गिटार बसतात. हातांनी स्नेअरवर किंवा हाय-हॅटवर लय पुढे न्यायची आणि वाक्य संपून दुसरं सुरू होताना मधली जागा भरायची. बहुतेक वादक ही जागा सरधोपट रोलने भरत. वेबची भरणी म्हणजे प्रत्येक वेळी वेगळं बांधलेलं छोटं वाक्य. त्यात चढ असे, मोड असे, आणि ते संपतं तिथे अख्खा बँड त्याच्या पाठीवर स्वार होऊन उसळी घेई. सिंबल वाजवून त्याच क्षणी हाताने धरून आवाज तोडायची त्याची सवय ध्वनिमुद्रणांतही ओळखू येते. सॅव्हॉयमध्ये लिंडी हॉप हे नृत्य बहरत होतं. फ्रँकी मॅनिंग आणि नॉर्मा मिलर यांच्यासारखी तरुण मंडळी तिथे रोज नाचून तयार झाली. नाचणाऱ्याने जोडीदारणीला हवेत उडवलं आणि ती खाली उतरली की नेमका त्याच क्षणी ड्रमचा फटका बसावा, हे योगायोगाने होत नसे. वेब उंचावरून सगळी जमीन पाहत असे. नाचणारे त्याला ऐकत आणि तो नाचणाऱ्यांना वाजवत असे.

बँडचा खास आवाज मात्र एडगर सॅम्पसनच्या लेखणीतून आला. हा सॅक्सोफोन आणि व्हायोलिनही वाजवी, पण त्याची खरी करामत संयोजनात होती. ‘स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय’, ‘डोन्ट बी दॅट वे’, ‘ब्लू लू’ या रचना त्याच्याच. पहिली वेबच्या बँडने 1934 मध्ये ध्वनिमुद्रित केली. दोन वर्षांनी बेनी गुडमनच्या गोऱ्या बँडने तीच रचना वाजवली आणि ती देशभर पोचली. 16 जानेवारी 1938 रोजी कार्नेगी हॉलमधल्या आपल्या प्रसिद्ध मैफलीची सुरुवात गुडमनने सॅम्पसनच्याच ‘डोन्ट बी दॅट वे’ने केली. गुडमन गुणी आणि सच्चा वादक होता, काळ्या वादकांना जाहीर मंचावर बरोबर घेण्याचं धाडस त्याने त्या काळात दाखवलं, हे नाकारायचं कारण नाही. पण चांगली हॉटेलं, मोठे प्रायोजक, दूरदूरचे दौरे ही दारं गोऱ्या बँडला जशी उघडत तशी वेबला उघडत नव्हती. त्यामुळे हार्लेममध्ये घडलेलं संगीत उरलेल्या अमेरिकेने बहुतांशी दुसऱ्यांच्या हातून ऐकलं. हा अन्याय आज त्या तबकड्या शेजारी-शेजारी ठेवून ऐकताना विशेष टोचतो.

1934 च्या नोव्हेंबरमध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत सतरा वर्षांची एक मुलगी नाचायला म्हणून आली आणि ऐन वेळी गायली. तिचं नाव एला फिट्झजेराल्ड. आई वारलेली, सुधारगृहातून पळालेली, राहायला धड घर नाही, अंगावरचे कपडे जेमतेम. स्पर्धा तिने जिंकली. बार्डू अली तिला वेबकडे घेऊन आला तेव्हा वेब मुळीच उत्साहात नव्हता. बँडची गायिका म्हणजे दिसायला छानछोकीची हवी, हा त्या धंद्याचा दंडक होता आणि वेबही त्यातून सुटलेला नव्हता. अखेर येल विद्यापीठातल्या एका नृत्याच्या कार्यक्रमात तिला गाऊन पाहू द्यायचं ठरलं. विद्यार्थ्यांना ती आवडली. मग मात्र वेबने पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. 1935 च्या जूनमध्ये तिची पहिली तबकडी निघाली.

वेबने एलाला कायदेशीर दत्तक घेतलं, ही कथा पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरत आली आहे. ती खरी नाही. पण त्याने तिला जे दिलं ते दत्तकपत्रापेक्षा कमी नव्हतं. घाई न करता, हलक्याफुलक्या गाण्यांपासून सुरुवात करून, त्याने तिला बँडच्या लयीत बसायला शिकवलं. एलाच्या गाण्यात स्वर मात्रेच्या किंचित पुढे-मागे खेळतो आणि तरी समेला अचूक येऊन बसतो. ते कौशल्य ती रोज रात्री या ड्रमसमोर उभी राहून कमावत होती.

11 मे 1937 ची रात्र जॅझच्या इतिहासात पक्की कोरली गेली आहे. त्या रात्री गुडमनचा बँड वेबशी सामना करायला सॅव्हॉयमध्ये आला. गुडमन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता, आणि त्याच्या ड्रमवर होता जीन क्रुपा: देखणा, झंझावाती, तरुण पोरींचा लाडका. दोन्ही बँडचं वाजवणं म्हणजे आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब. एकाने टाकायचं, दुसऱ्याने त्याच्यावर चढवायचं आणि निकाल समोरच्या गर्दीने द्यायचा. आत चारेक हजार माणसं कोंबलेली होती आणि त्याहून जास्त रस्त्यावर अडकली होती. पोलीस बोलवावे लागले. वेबने आपल्या वादकांना आधीच बजावलं होतं की हा आपला क्षण आहे, आज जो चुकेल त्याने उद्या कामावर येऊ नये.

गुडमनचा बँड कमी पडला असं म्हणणं अन्यायाचं होईल. हॅरी जेम्स ट्रम्पेटवर, जेस स्टेसी पियानोवर. वाजवण्यात सफाई होती, जोश होता. पण तो परक्या अंगणात होता. वेबच्या बँडला त्या जमिनीचा कण न् कण ठाऊक होता. कोणत्या लयीला हे नाचणारे फुलतात, किती वेळ ताणलं की ओरडा होतो, कुठे एकदम आवाज पाडून पुन्हा उठवायचा, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. रात्र चढत गेली तशी गर्दी वेबच्या मंचाकडे सरकत गेली. शेवटी क्रुपा उठला आणि सगळ्यांसमोर वेबला झुकून अभिवादन केलं. याहून सरस माणसाकडून आपण कधी हरलो नाही, असं तो पुढेही मोकळेपणाने सांगत राहिला. क्रुपाचा मोठेपणा यात आहे, आणि तो नोंदवायला हवा.

वेब अजिंक्य होता असं मात्र नाही. त्याच वर्षी एलिंग्टनने त्याला सॅव्हॉयमध्येच मागे टाकलं होतं. एलिंग्टनच्या रंगांपुढे नुसता वेग पुरला नाही. 1938 मध्ये, गुडमनच्या कार्नेगी हॉल मैफलीच्याच रात्री, कान्सास सिटीचा काउंट बेसी आपला बँड घेऊन सॅव्हॉयमध्ये उतरला. तिकडे जो जोन्स ड्रमवर आणि बिली हॉलिडे गायला, इकडे वेब आणि एला. त्या रात्री कोण जिंकलं यावर तेव्हाच्या संगीत मासिकांतही मतभेद होते. जोन्स हाय-हॅटवर तरंगत, हलक्या हाताने वाजवी. वेबचा जोर खालून, स्नेअर आणि बेस ड्रममधून येई. नंतरच्या दशकांत जॅझ ड्रमिंग जोन्सच्या हलक्या सिंबलकडे झुकलं, पण मोठ्या बँडला ढकलत नेण्याची कला वेबच्या घरचीच राहिली.

हेच संगीत त्या काळात मुंबईतही पोचलं होतं. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलमध्ये आला, आणि गोव्याहून आलेले वादक हे वाजवणं मन लावून ऐकू लागले. त्यांच्यातूनच आल्दोनाचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, पुढे आला. त्याने स्वतःचा बँड काढला आणि मग सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतात त्याचा ट्रम्पेट घुमला. 1951 च्या ‘अलबेला’च्या गाण्यांवर ज्यांचे पाय थिरकले त्यांच्यापर्यंत स्विंगची लय या वाटेनेच आली होती.

तिकडे अमेरिकेत वेबला देशव्यापी यश मिळालं ते एका बडबडगीतामुळे. 2 मे 1938 रोजी एलाने ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ ध्वनिमुद्रित केलं. पोरांच्या खेळातल्या जुन्या गाण्यावरून ते करायची कल्पना तिचीच. संयोजन अल फेल्डमन या तरुणाचं, जो पुढे व्हॅन अलेक्झांडर म्हणून ओळखला गेला. तबकडी तुफान खपली, कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. जाणकारांनी नाकं मुरडली की हार्लेमचा सर्वांत जबर बँड आता पोरीची साथ करत बसला आहे. ही टीका अर्धीच खरी आहे. त्या तबकड्यांवर वेबचं वाजवणं खरंच आखडतं, बँडला मोकळं सुटायला जागा मिळत नाही. पण वेबला पैसा हवा होता, मोठ्या हॉटेलांची दारं उघडायला हवी होती, आणि ती त्याच गाण्याने उघडली. त्याने डोळे उघडे ठेवून केलेला तो हिशेब होता.

शरीर मात्र साथ सोडत होतं. कार्यक्रम संपला की तो कोसळे, आणि सावरला की पुन्हा चौथऱ्यावर चढे. दौरे थांबवायला तो तयार नव्हता. मंदीच्या दिवसांत आपल्या वादकांचे पगार बुडतील ही त्याची काळजी होती. 1939 च्या उन्हाळ्यात त्याला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ठेवलं. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. 16 जूनला तो गेला, तेव्हा जेमतेम चौतिशीत होता. अंत्यविधीच्या वेळी एला गायली. बँड तिच्या नावाने 1942 पर्यंत चालला.

त्याच्या हाताखालून गेलेली माणसं पाहिली की त्याची खरी मिळकत कळते. क्यूबातून आलेला ट्रम्पेटवादक मारिओ बाउझा बराच काळ त्याच्या बँडचा संगीत-दिग्दर्शक होता. बाउझाने पुढे माचितोच्या बँडमध्ये जॅझ आणि क्यूबन ताल एकत्र आणून नवा प्रवाहच सुरू केला. सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डन 1938 मध्ये बाहेर पडला आणि 1940च्या दशकात त्याने उडत्या चालीच्या ब्लूजने रॉक अँड रोलची वाट मोकळी केली. आर्ट ब्लेकी आणि बडी रिच हे पुढच्या पिढीचे दोन दिग्गज ड्रमवादक वेबचं नाव आदराने घेत. ब्लेकीने तर ड्रमवादकच बँडचा नायक, हा प्रकार पुढे पस्तीस वर्षं चालवला.

वेबला ऐकायचं असेल तर एलाच्या तबकड्यांवर थांबू नये. 1937 चं ‘क्लॅप हँड्स, हिअर कम्स चार्ली’ आणि ‘हार्लेम काँगो’, आणि 1938 चं ‘लायझा’, एवढ्यांपासून सुरुवात करावी. तीन-तीन मिनिटांच्या या तबकड्या आहेत. तेव्हाच्या यंत्रांना बेस ड्रम नीट पकडता येत नसे, म्हणून 28 इंचांच्या त्या ड्रमचा गडगडाट यांत पूर्ण येत नाही हे धरून चालावं. ‘हार्लेम काँगो’ शेवटाकडे येतं तेव्हा बँड थांबतो आणि वेब एकटा सुरू होतो. आधी स्नेअरवर घट्ट विणलेला पट, मग त्यात घुसणारे बेस ड्रमचे ठोके, आणि एवढ्या वेगातही प्रत्येक फटका सुटा. तिथे मनात चार-चार मात्रा मोजत राहाव्यात, म्हणजे तो किती वेळा मात्रेच्या कडेकडेने जातो आणि तरी बँड पुन्हा आत येतो तेव्हा बरोबर कुठे असतो ते लक्षात येईल.